पहिला साप घरी आणताना घर कसं मांडलंत? (अनुभव धागा)

गवतीचहा, न्यू जर्सी
काल गॅरेज आवरत होते, तर लेकीच्या शाळेच्या जुन्या फाइलीत सपाट ठेवलेली कात सापडली. आमच्या जिलबीची पहिली कात. (जिलबी म्हणजे कॉर्न स्नेक, पाळतात तो बिनविषारी अमेरिकन साप. केशरी आहे म्हणून जिलबी. लेक कॉलेजला गेली आणि जिलबी माझ्या गळ्यात पडली. जबाबदारी म्हणून पडली हो, खरोखरची नाही.) कात अख्खी आहे, शेपटीच्या टोकापर्यंत. उजेडात धरली की डोळ्यांवरचे दोन गोल पारदर्शक खवलेही जागच्या जागी दिसतात. सापाला पापणी नसते, तो खवला कातीबरोबर निघावा लागतो. निघाला नाही तर पेटीतली ओल कमी पडतेय असं समजायचं.

तेव्हा लेक बारावं वर्ष लागल्यापासून मागे लागली होती. मी अट घातली, की आधी घर मांड, ते रिकामं चालवून दाखव, मग साप. तिनं वीस गॅलनची काचेची पेटी घेतली. खाली एका बाजूला हीट मॅट, तीही बाहेरून चिकटवलेली आणि थर्मोस्टॅटला जोडलेली. उबदार कोपरा ८५ फॅरनहाइट, थंड कोपरा ७५ च्या आसपास. रोज शाळेतून आली की दोन्हीकडचे आकडे फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. आकडे स्थिर झाले तेव्हाच आम्ही सापाचं पिल्लू बघायला गेलो. साप स्वतःचं अंग गरम करू शकत नाही. ऊब हवी तेव्हा इकडे, नको तेव्हा तिकडे, असं त्याला सरकता आलं पाहिजे. बाकी प्लास्टिकची वेल, कवटी, समुद्रतळाचं चित्र ही सगळी आपली हौस.

दुकानातला मुलगा गरम दगड घ्या म्हणून फार मागे लागला होता. नाही घेतला. त्यावर बसून साप पोटाला भाजून घेतात आणि त्यांना वेळेवर कळतही नाही.

तुमच्याकडे पहिलं घर कसं मांडलं होतं? लिहा. "ईईई" लिहायलाही हरकत नाही.

हिंगाष्टक
ईईईईई

उलटी_छत्री
पहिला प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे 😄

आंबोळी, मिनियापोलिस
मस्त धागा. आमचा बॉल पायथन (छोटा अजगर) आहे, नाव शेषराव. इथली थंडी म्हणजे हीटर चालू आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी. त्याला तर साठ टक्के ओल लागते, कात टाकताना त्याहून जास्त. पेटीचं झाकण जाळीचं होतं, ओल टिकतच नव्हती. शेवटी जाळीचा बराचसा भाग अॅल्युमिनियम फॉइलनं झाकला, हवेपुरती पट्टी उघडी ठेवली. खाली नारळाच्या सोडणांचे तुकडे, चांगला जाड थर. पाणी वरून फवारायचं नाही, कोपऱ्यातून ओतायचं. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. वर ओलं राहिलं तर पोटाचे खवले कुजायला लागतात. कोकणातल्या माणसाला सोडणं डॉलर मोजून विकत घ्यावी लागतात हे दुःख वेगळंच.

गवतीचहा
शेषराव 😂 आमच्याकडे चुलतसासरे आहेत त्या नावाचे. हे वाचताहेत का बघते.

कातळसडा, रत्नागिरी
धागा वाचून कुणी इथे भारतात उत्साहात येऊ नये म्हणून लिहितो. मी सर्पमित्र आहे. नाग, धामण, दिवड, अजगर, मांडूळ, कुठलाच देशी साप घरात ठेवता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पकडला तर वनखात्याला कळवायचं आणि जिथे सापडला त्याच भागात लवकरात लवकर सोडायचा. आम्हीही बरणीत ठेवतो ते तेवढ्यापुरतंच. "एक दिवस राहू दे की दादा, मुलांना दाखवायचाय" असे फोन येतात, नाही म्हणतो.

मांडुळाचं तर विचारूच नका. दोन तोंडं, गुप्तधन, कोट्यवधींचा भाव, सगळी थाप. शेपूट आखूड आणि बोथट असते इतकंच. त्या थापेपायी बिचारे पोत्यात भरून विकले जातात आणि पोलिसांच्या बातमीत फोटोपुरते दिसतात.

बोरकूट, पुणे
@कातळसडा मग बॉल पायथन? आमच्या सोसायटीतल्या एका मुलाकडे आहे म्हणतात.

कातळसडा
तो आफ्रिकेतला. परदेशी प्राण्यांची गोष्ट वेगळी. बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. २०२० मध्ये स्वेच्छेनं जाहीर करायची योजना आली होती, मग कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम. त्या मुलाकडे नोंदीचा कागद आहे का विचारा. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरायचं.

बोरकूट, पुणे
विचारलं तर सेक्रेटरी मलाच विचारतील तुम्हाला का पाहिजे 🙏

दक्षिण_गोलार्ध, मेलबर्न
इथे उलटा प्रकार. देशी साप पाळायला परवाना मिळतो आणि कॉर्न स्नेकला बंदी! बाहेरचा साप रानात सुटला तर इथल्या जिवांची वाट लावेल म्हणून. आमच्याकडे स्टिमसन्स पायथन आहे, छोटा अजगर, तीन फुटांच्या आत मावतो. मुलगा सात वर्षांचा असल्यापासून. परवाना माझ्या नावावर, साप त्याच्या नावावर, उंदीर नवऱ्याच्या नावावर.

घराबद्दल एकच सांगते, लपण दोन हवीत. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवलं तर साप सुरक्षित वाटतं म्हणून तिथेच बसतो, मग त्याला गरम होवो की गार. आणि लपण ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठीला सगळीकडून भिंत लागली पाहिजे. आम्ही श्रीखंडाचे डबे उलटे ठेवले होते, कडेला दारापुरतं भोक. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासून घ्यायची, नाहीतर कात टाकताना अंग खरचटतं. एका डब्यावर "केशर वेलची" अजून वाचता येतं.

शमीचा_पाला, ऑकलंड
आमच्या देशात साप नाहीत. प्राणिसंग्रहालयातही नाहीत. मी शांतपणे चहा पिऊन हा धागा वाचते आहे.

हिंगाष्टक
@शमीचा_पाला तिकडे नोकऱ्या कशा आहेत? व्हिसाचं काही?

शमीचा_पाला, ऑकलंड
विपूत (विचारपुशीत) लिहा :)

सुताराचा_नातू, लेस्टर
माझा अनुभव पळण्याचा. साप पळण्याचा. भाड्याच्या घरात तिघं राहत होतो, पैकी मी आणि कॉर्न स्नेक एका खोलीत. सरकत्या काचांची लाकडी पेटी, दोन काचांच्या मधे बारीक फट. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून सगळं पिल्लू जातं. सकाळी पेटी रिकामी. मित्र अमराठी, त्याला काही कळायच्या आत मी दिवाळीची उरलेली रांगोळी काढली आणि सगळ्या दारांच्या उंबऱ्याला चाळणीनं पसरली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात झकास नागमोडी रेघ! फ्रिजच्या मागे, मोटारच्या उबेला बसला होता. भिंतीकडेला चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकून ठेवल्या तरी रात्री आवाजानं कळतं.

त्यानंतर काचेला कुलूप. दागिन्यांच्या दुकानात शोकेसला असतं तेच, काचेच्या कडेला अडकतं. आणि रोज रात्री दिवा घालवताना हात लावून बघायचं. मित्र नंतर दुसरीकडे राहायला गेला, पण तो म्हणे भाड्यामुळे.

उलटी_छत्री
भाड्यामुळेच 😂😂 रांगोळीची आयडिया भारी. आजेसासूबाई उंदराची वाट शोधायला राख पसरायच्या ते आठवलं.

मधलीसुट्टी, डॅलस
आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार होते आणि पेटी नेमकी हॉलमध्ये देवघराच्या शेजारी. आई फोनवर: "घरात जनावर ठेवलंयस आणि मला आता सांगतेस?" मी हलवणारच होते, पण आईसाठी नाही, सापासाठी. उदबत्तीचा धूर कोंडतो ना तिथे. तसंच फोडणीचा ठसका, म्हणून स्वयंपाकघरही बाद. खिडकी तर नकोच. काचेच्या पेटीवर थेट ऊन आलं तर थोड्या वेळात भट्टी होते. शेवटी अभ्यासाच्या खोलीत, आतल्या भिंतीला.

बाबांनी पहिल्या आठवड्यात तिकडे पाऊल टाकलं नाही. मग तेच रोज सकाळी थर्मामीटर वाचून मला ऑफिसात मेसेज करायला लागले. "आज उजवीकडे ८८. डावीकडे ७८. नागोबा झोपलेले." आई नागपंचमीला दूध ठेवू का म्हणाली. साप दूध पचवू शकत नाही म्हटल्यावर पाण्याचं भांडं घासून, ताजं पाणी भरून, बाहेरूनच पेटीला हळदकुंकू लावलं. पुसलेलं नाही अजून.

गवतीचहा
@मधलीसुट्टी बाबांचे मेसेज 😍 छापून लावा.

आंबोळी, मिनियापोलिस
शेषराव जेवत नाहीये हो हल्ली. डिसेंबरपासून उंदीर हुंगतो आणि तोंड फिरवतो. कुणाचा अनुभव?

सुताराचा_नातू, लेस्टर
@आंबोळी बॉल पायथन उपासाला प्रसिद्ध. थंडीत महिनोन्‌महिने खात नाहीत. वजन करा दर आठवड्याला, स्वयंपाकाच्या काट्यावर (वेगळ्या!). वजन टिकून असेल तर घाबरू नका. उतरायला लागलं किंवा तोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा श्वास असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. आणि डॉक्टर आधीच शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळेच साप बघत नाहीत.

आंबोळी, मिनियापोलिस
वजन बरोबर आहे. हुश्श. थँक्यू.

हिंगाष्टक
उंदीर कुठे ठेवता तुम्ही लोक??

गवतीचहा
फ्रीझरमध्ये.

हिंगाष्टक
कुठल्या फ्रीझरमध्ये

गवतीचहा
आता गॅरेजमध्ये छोटा वेगळा आहे. आधी मोदकांच्या शेजारी होते, तीन पिशव्यांत. वर मार्करनं मोठ्ठं "जिलबी" लिहिलेलं. मग एकदा भाचा आला होता आणि "मावशी, जिलबी काढू का?"

उलटी_छत्री
नको नको नको

दक्षिण_गोलार्ध, मेलबर्न
😂😂 नवीन लोकांसाठी: जिवंत उंदीर देऊ नका. तो सापाला चावतो, जखमा वाईट होतात. गोठवलेला घ्या, रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, देताना पिशवीसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह चुकूनही नाही. लांब चिमट्यानं द्यायचा, बोटानं नाही. आकार सापाच्या अंगाच्या जाड भागाइतका. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचं नाही, उलटून टाकतो. आणि साप, पेटी, भांडं, कशालाही हात लावला की साबणानं धुवायचे. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो, लहान मुलं असतील तर फारच जपा.

आजोबांची_काठी, कोल्हापूर
साप पाळायचं डोक्यात नाही, वाचायला मजा आली. आमच्या मळ्यात धामण आहे, उसात. उंदीर फुकट खाते, पेटी लागत नाही, फॉइल लागत नाही. पोरं मारायला धावायची, आता नाही धावत. बाकी जिलबीवरून आठवलं, इथे मठ्ठा-जिलबी चांगली कुठे मिळते ते वेगळ्या धाग्यात लिहितो.

बोरकूट, पुणे
लिहाच. दुवा द्या.

एकटा_चिमणा, शिकागो
पहिल्यांदा लिहितोय. कॉर्न स्नेक घ्यायचं नक्की केलंय, पेटी चालू करून ठेवलीय. आकडे: गरम ८६, थंड ७४, ओल ४८. खाली काय घालू? पाइनचा भुसा स्वस्त मिळतोय. आणि जानेवारीत कुरिअरनं साप मागवला तर चालतो का?

गवतीचहा
आकडे छान आहेत! पाइन नको, देवदार तर अजिबात नको, त्यांच्या तेलाचा त्रास होतो. अॅस्पेनचा भुसा घे. पण पहिला महिना साधा किचन पेपर. शी दिसते, गोचिडीसारखे काळे ठिपके दिसले तर तेही लगेच कळतात. एक गोष्ट विचारायची राहिली, ८६ कुठे मोजलेस? काचेला चिकटवायच्या गोल थर्मामीटरवर विसंबू नकोस. वायरवाला घे आणि त्याचं टोक मॅटच्या बरोबर वर, साप जिथे बसणार तिथे ठेव.

सुताराचा_नातू, लेस्टर
आणि पहिला आठवडा नुसतं पाणी बदलायचं. हात घालून काढायचा मोह आवरा. पाहुणे आले तर पेटीवर चादर टाका.

आंबोळी, मिनियापोलिस
@एकटा_चिमणा जानेवारीत कुरिअर नको रे बाबा. चांगले पाळणारे स्वतःच इतक्या थंडीत पाठवत नाहीत. तुझ्याजवळ टिनली पार्कला सरपटणाऱ्या प्राण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे जा. पिल्लू हातात घेऊन बघ, "माझ्यासमोर भरवा" म्हण, शेवटचं कधी जेवलं, कात कधी टाकली ते लिहून घे. घरातच वाढवलेलं पिल्लू घे, रानातून पकडलेलं नको.

एकटा_चिमणा, शिकागो
हे माहीतच नव्हतं! कुणी येणार का तिकडून? बायको गाडीत बसायला तयार नाही, येताना पिल्लू असेल म्हणून.

मधलीसुट्टी, डॅलस
येताना तिला पुढे बसव, पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा मागच्या सीटवर पट्टा लावून. हीटर आधी चालू कर. आणि नाव काय ठेवणार?

एकटा_चिमणा, शिकागो
बायको म्हणते नाव ठेवायचं असेल तर ती ठेवेल. मी शेवया सुचवलंय, ते नामंजूर झालंय.

हिंगाष्टक
कुर्डई ठेवा. (मी अजून ईईई च्याच बाजूला आहे.)