रेट सिंड्रोम: पेशी मेल्या नाहीत, मंग पोरीचे शब्द गेले कुठं?

जिनिंगवाला मामा, दारव्हा तालुका
राम राम मंडळी. माही भाची साडेतीन वर्षांची हाय. दीड वर्षाची असताना 'माय', 'मामा', 'पानी' म्हने. मंग दोन महिन्यांत शब्द गेले, हातातली वाटी सुटली. आता दिवसभर हात धुतल्यावानी चोळत राह्यते. नागपूरच्या डॉक्टरांनी रेट सिंड्रोम सांगतलं, एमईसीपी२ जनुकात बदल हाय म्हने, पण मेंदूतल्या पेशी मेल्या नाहीत. मंग हे झालं काहून? बहिणीची सासू म्हनते, आईच्याच रक्तात खोट हाय. बहीण दोन दिवसांपासून जेवली नाही. मी कापसाच्या जिनिंग-प्रेसवर काम करतो, बारावी झालो हाय. समजंल असं सांगा.

जीवशास्त्र शिक्षक, चांदूर रेल्वे
भाऊ, आधी बहिणीचं. हा बदल बहुतेक मुलींत नव्यानंच घडलेला असतो, आणि तोही बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशीत. शुक्रपेशी तयार होताना डीएनएची नक्कल होते, त्यात एखादं अक्षर चुकतं, यात वडिलांचाही दोष नाही. हे घरात मोठ्यानं सांगा.

आता पेशीचं. एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे २ मीटर भरतो. तो हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो, हेच क्रोमॅटिन. तुमच्या १७० किलोच्या कापसाच्या गाठीसारखं ते आवळलं, की तिथली जनुकं गप्प. मोकळ्या रुईसारखं सैल असलं, की ती कामाला लागतात. डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात. एमईसीपी२चं प्रथिन त्यांवर बसून जनुकांना आवरतं. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, पक्व होतो तसं ते फार लागतं, म्हणून सुरुवातीचे महिने बरे जातात. ते नसलं की हजारो जनुकं थोडी थोडी ताल सोडतात. पेशी जगते, पण लहान राहते, फांद्या कमी फुटतात, जोडण्या कच्च्या राहतात.

जिनिंगवाला मामा
सर, मंग हे दुरुस्त होईल का?

जीवशास्त्र शिक्षक
२००७ मध्ये एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांच्या गटानं आजारी उंदरांत बंद ठेवलेलं हेच जनुक पुन्हा सुरू केलं, आणि मरणाला टेकलेले उंदीर सुधारले. माणसासाठी तसा इलाज अजून हाती नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. त्यानं लक्षणं काहीशी हलकी होतात, जनुक तसंच राहतं.

एका रेट मुलीची आई, मेहकर
दादा, माझी अकरा वर्षांची आहे. एका कोपराला मऊ पट्टा बांधला की चोळणं थांबतं, दुसरा हात मोकळा होतो. आणि तिच्या डोळ्यांकडे पाहा. पाणी आणि भाकर, दोन चित्रं समोर धरा, घाई करू नका. माझीला नजर वळवायला कधी अर्धा मिनिट लागतो.

जिनिंगवाला मामा
रात्री सासूले सारं वाचून दाखवलं. बोलली काही नाही, पन बहिणीचं ताट तिनंच वाढलं. ताई, पट्टा घरी शिवता का? कापड कोनतं घेऊ?