ज्येष्ठांसाठी मोफत ट्रायशॉ-फेरी सुरू करायची आहे: सराव, बसवणं-उतरवणं आणि वजनाबद्दल

पायवाट

पुढे दोन चाकं आणि दोघांची बैठक, मागे एक चाक आणि चालक, पायडलला बॅटरीची मदत, अशी ट्रायशॉ आमच्या गटाकडे आली आहे. वृद्धाश्रमातल्या आणि एकट्याने घराबाहेर पडता न येणाऱ्या मंडळींना मोफत फेरी घडवायची आहे. स्वयंसेवक सहा आहेत आणि सगळे नियमित सायकल चालवणारे आहेत. चार गोष्टी विचारायच्या आहेत. सराव किती हवा? बसवायला-उतरवायला एक माणूस पुरतो का? दोघांच्या वजनात बराच फरक असेल तर कोणाला कुठल्या बाजूला बसवायचं? आणि व्हीलचेअरवर असणाऱ्यांचं काय करायचं?

चाकोरी

सगळे सायकल चालवणारे आहेत म्हणून सराव कमी करू नका, उलट त्यांनाच जास्त लागतो. दोन चाकांवर आपण वळताना अंग कलतं करतो आणि हँडल जेमतेम हलवतो. ट्रायशॉ कलत नाही. ती फक्त हँडलने वळते. रस्ता कडेला उतरता असेल तर गाडी त्या बाजूला ओढते, नवा चालक सवयीने अंग दुसरीकडे झुकवतो, हँडल मात्र वळवत नाही आणि चाक कडेवरून खाली जातं. पहिल्या दिवशी हे जवळपास प्रत्येकाचं होतं, म्हणून पहिला दिवस मोकळ्या मैदानावरच काढा.

आधी रिकामी गाडी: इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवणं, दोन खुणांमधून नेणं, अचानक थांबवणं, चढावर थांबून पुन्हा निघणं. मग बैठकीवर ६०-७० किलोची वाळूची पोती दोन्ही बाजूंना पट्ट्याने बांधून हेच सगळं पुन्हा. दोन्ही करायचं कारण असं की गाडी दोन्ही वेळा वेगळी वागते. रिकामी असताना पुढचा भाग हलका आणि चालकाचं वजन उंचावर, त्यामुळे वळणावर आतलं चाक पटकन उचललं जातं. भरलेली गाडी वळणावर जास्त स्थिर असते, पण थांबायला बरंच जास्त अंतर घेते. वेग दुप्पट केला तर त्याच वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही, आणि वळण चालण्याच्या वेगाने, ताशी ४-५ किमीने घ्यायचं. सरळ रस्त्यावर ८ ते १२ पुरे.

खड्ड्यांचं गणितही वेगळं आहे. चाकांचे माग तीन असतात. पुढची दोन्ही चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी नेलीत की मागचं चाक नेमकं मधे सापडतं. मार्ग ठरवताना गाडीची रुंदी मोजून घ्या (बहुतेक १ मीटरहून जास्त भरते) आणि फाटकं, खांब, अरुंद पूल आधी टेप लावून बघा. मागे घ्यायची वेळ आली तर खाली उतरून हाताने ढकलावी लागते.

शेवटची पायरी चुकवू नका: प्रत्येक चालकाने एकदा पुढच्या बैठकीवर बसून फेरी घ्यायची. तिथून समोरची प्रत्येक गाडी थेट अंगावर आल्यासारखी वाटते. मागून ते कळतच नाही.

निवांत

बसवण्या-उतरवण्याबद्दल लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. माणसं दोन हवीत, नेहमी. एक फक्त गाडी धरायला.

कारण साधं आहे. पाय ठेवायची फळी पुढच्या चाकांच्याही पुढे असते. बैठक रिकामी असताना कोणी त्या फळीवर पूर्ण भार टाकला तर मागचं चाक उचललं जातं आणि गाडी पुढे झुकते. म्हणून चालकाने मागे आपलं वजन ठेवून गाडी धरून ठेवायची. त्याआधी सपाट जागा, पार्किंग ब्रेक, मोटर बंद. मोटर चालू राहिली आणि चुकून पायडलवर पाय पडला तर गाडी झटका घेते. ब्रेक लागलाय का ते बघू नका, गाडी ढकलून खात्री करा.

मग बसणाऱ्याने गाडीकडे पाठ करायची. बैठकीची कड दोन्ही गुडघ्यांच्या मागे लागली पाहिजे. ती लागेपर्यंत खाली बसू द्यायचं नाही. एक हात हातदांड्यावर, मग दुसरा, मग सावकाश खाली, आणि पाय सगळ्यात शेवटी एकेक करून आत. काखेत हात घालून उचलायचं नाही, दंड धरून ओढायचं नाही. म्हाताऱ्या खांद्यांना आणि पातळ कातडीला ते सोसत नाही. आपला हात आधाराला पुढे ठेवायचा, तो त्यांनी धरायचा.

उतरणं त्याहून अवघड. बैठक खोल आणि ठेंगणी, त्यात ४० मिनिटांनी गुडघे आखडलेले. पाय खाली आणल्यावर कडेवर एक मिनिट बसू द्या. घाईने उभं केलं तर चक्कर येते.

व्हीलचेअरबद्दल: माणूस आधाराने काही सेकंद उभा राहून वळू शकत असेल तर बैठकीवर येऊ शकतो. ते जमत नसेल तर या गाडीत घेऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी. खुर्चीसकट नेणारी ट्रायशॉ वेगळी येते. तिला पुढे रॅम्प आणि खुर्ची चार ठिकाणी बांधायचे पट्टे असतात. बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरचं वजन त्यातही बहुतेकदा झेपत नाही.

तेलपाणी

वजनाचं: जड व्यक्ती रस्त्याच्या उंच बाजूला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे. रस्ता कडेकडे उतरता असतो, जड माणूस तिकडे बसला की गाडी सतत कडेला ओढते आणि चालकाचे खांदे भरून येतात. एकटीच व्यक्ती असेल तर मधोमध बसवा. गाडीवर लिहिलेल्या कमाल वजनात चालकाचा समावेश आहे की नाही ते नीट वाचा, तिथेच चूक होते.

पुढच्या चाकांच्या स्पोककडे लक्ष ठेवा. दुचाकीचं चाक वळताना कलतं, त्यामुळे भार स्पोकच्या दिशेने जातो. ट्रायशॉचं चाक सरळ उभं राहतं आणि वळणाचा सगळा आडवा भार त्याला सोसावा लागतो. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या महिन्यात बऱ्याचदा सैल होतात. दर आठवड्याला दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा, एखादा ढिला लागला तर चाक सरळ करून घ्या. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांच्या हद्दीत, पण वरच्या आकड्याजवळ ठेवा. कमी हवेत भरलेली गाडी कडेवर आपटली की ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात.

सावली

गाडीपेक्षा माणसांबद्दल थोडं. बसणारा हात-पाय हलवत नाही, त्यामुळे चालकाला घाम फुटलेला असतो तेव्हा त्याला थंडी वाजत असते. स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधू नका, दर दहा मिनिटांनी विचारा. पांघरूण द्याच, पण त्याच्या कडा मांडीखाली खोचा. शाल, ओढणी, लोंबणारा पट्टा, काहीही चाकाजवळ नको. काठी आडवी नको, आत उभी. लघवीची पिशवी असेल तर ती कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, मात्र चाकाच्या बाजूला टांगायची नाही. ठिसूळ हाडं किंवा पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल तर गुळगुळीत रस्ताच निवडा. जोराच्या वाऱ्यात हुड (बैठकीवरचं छत) मागे दुमडून ठेवा, नाहीतर त्याचं शीड होतं.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसोबत ओळखीचं माणूस शेजारी हवं. सिग्नलला गाडी थांबली की काहींना वाटतं की पोचलो, आणि ते पट्टा सोडून उठू लागतात. थांबण्याआधीच सांगा: "जरा थांबतोय, लगेच निघणार आहोत." फोटोची परवानगी फेरीच्या परवानगीपेक्षा वेगळी घ्या.

२०१२मध्ये कोपनहेगनमध्ये ओले कासो यांनी सुरू केलेल्या 'सायकलिंग विदाऊट एज' या उपक्रमाने संथपणा हे आपलं एक तत्त्वच मानलं आहे. त्याचं कारण चालवताना कळतं. चालक मागे, बसणाऱ्याची पाठ त्याच्याकडे, आणि वेग वाढला की वाऱ्यात शब्द हरवतात. श्रवणयंत्रात तर वाऱ्याचा नुसता घरघराट ऐकू येतो. काही सांगायचं असेल तर वेग कमी करा किंवा थांबाच, आणि थोडं पुढे वाकून बोला. मध्येच एखाद्या झाडाखाली गाडी थांबली की न बोलणारी माणसंही बोलू लागतात, त्यासाठी फेरीत दहा मिनिटं मोकळी ठेवा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून दोन शंका: विमा, आणि बॅटरी वाटेत संपली तर?

चाकोरी

विमा कंपनीला लेखी विचारा: "पुढे दोन प्रवासी, चालक स्वयंसेवक, भाडं नाही." प्रवासी नेणं साध्या सायकलच्या विम्यात धरलेलं असेलच असं नाही. उत्तरही लेखीच घ्या. पैसे घेतले, अगदी बक्षीस म्हणूनही, तर भाड्याच्या वाहनाचे नियम लागू शकतात. म्हणून कोणी देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणायचं, हे स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.

तेलपाणी

बॅटरी संपली तर दोन माणसं बसलेली गाडी सपाटीवर कशीबशी चालते, चढावर नाही. म्हणून चढ जाताना घ्या आणि उतार परतताना. बॅटरी अर्धी होण्याआधी, साधारण ६० टक्क्यांवर, परत फिरा, कारण चार्ज दाखवणाऱ्या पट्टीवरचा शेवटचा भाग आधीच्या भागापेक्षा भराभर उतरतो. थंडीत पल्ला कमी होतो आणि शून्य अंशाखाली बॅटरी चार्ज करायची नसते, ती आत आणून ठेवा. महिनाभर फेरी नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. आणि मदतीला येईल अशा एका माणसाचा नंबर हँडलवर चिकटवून ठेवा, चालकाच्या फोनची बॅटरीही संपू शकते.