गणितात रिसर्च करायचाय, घरचे बी.एड. म्हणायलेत

खानापूरची_पोर:
नमस्कार, मी बेळगावात बीएस्सी सेकंड इयरला आहे, रोज खानापूरहून रेल्वेनं येते. दहावीपर्यंत मराठी मिडियम. मला गणितातच पुढं रिसर्च करायचाय पण बाबा म्हणायलेत बी.एड. कर आणि हायस्कूलला लाग. त्यांचंपण बरोबर आहे, आम्ही दोघी बहिणी आणि तीन एकर भातशेती. पीएचडी करताना पैसे कोण देतं, वर्षं किती जातात? आणि एका सरांनी सांगितलं की गणितात जे काय करायचं ते पंचविशीच्या आतच होतं, खरं काय ते? मला एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, समजायलाच दोन महिने गेले, म्हणून भीती वाटायलीय.

वडगावची_ताई:
पैशाचं आधी सांगते, बाबांना तेच ऐकायचं असतंय. नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपची परीक्षा, निघालं की २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. एमएस्सीला आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा दे, एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) स्कॉलरशिप एमएस्सीलापण असते. वर्षं मात्र जातात गं. एमएस्सी दोन, पीएचडी पाच धर, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं रिसर्चचं काम, दोन-तीन, तोवर तिशी येते आणि पर्मनंट जागेची जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, हे बाबांपासून लपवू नको. माझा पहिला पेपर रेफरीकडनं, म्हणजे तो तपासणाऱ्या तज्ज्ञाकडनं, सव्वा वर्षानं परत आला, एका लेमात (मधल्या छोट्या प्रमेयात) चूक होती, ती दुरुस्त करायला अजून चार महिने, पण माझा विषय मला खरा कळला तो त्या चार महिन्यांत. तुझे दोन महिने वाया गेले नाहीत, पाठ करणाऱ्याला दोन दिवस पुरतात.

निपाणीचा_मास्तर:
पंचविशीचं मनावर घेऊ नको बाळ. लॅटिन चौरस म्हणजे ज्याच्या प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं. १७८२ मध्ये गणिती ऑयलर म्हणाला होता की ६, १०, १४ अशा मापाच्या लॅटिन चौरसांची एकमेकांशी जुळणारी जोडी, म्हणजे एकावर एक ठेवले की चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी, बनतच नाही. ६ ला ते खरं आहे, पण १० पासून पुढं सगळीकडं खोटं, हे १९५९ ला बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे या गणितज्ञांनी दाखवलं. श्रीखंड्यांचा जन्म १९१७ चा, म्हणजे चाळिशी उलटलेली! उन्हाळ्यात एमटीटीएसचा, म्हणजे कॉलेजच्या पोरांसाठी गणित शिकवणारा, कॅम्प असतो, त्याला अर्ज कर, तिथं उत्तर कुणी सांगत नाही, प्रश्न विचारून विचारून तुझ्याकडनंच काढून घेतात. चार आठवड्यांत तुझं तुलाच कळेल.

खानापूरची_पोर:
ताई, सर, लई आभार. रात्री जेवताना बाबांना ३७,००० चं सांगितलं, तिशीचंपण सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले परीक्षा कधी असती ती. जॅमला बेळगावात सेंटर असतंय काय, की हुबळीला जायला लागतंय?