मदत हवी आहे: सायकलचं टू-स्ट्रोक इंजिन पेटच घेत नाही

भाऊ लोकहो, रावेरहून लिहितोय. वडिलांच्या जुन्या बावीस इंची सायकलला टू-स्ट्रोक इंजिन बसवलंय. पावसाळाभर गोठ्यात उभी होती. आता पायडल मारून क्लच सोडला की एखादा फटाका वाजतो आणि गप्प. प्लग ओला येतो, म्हणजे पेट्रोल पोचतंय. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल ताजंच, २५ भाग पेट्रोलला १ भाग. प्लग हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी कधी निळी, कधी गायबच! नवा प्लग टाकला, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर काढून पाहिली, फरक शून्य. मॅग्नेटोची (इंजिन फिरलं की वीज बनवतो तो भाग) कॉइल दमट झाली असेल, की सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) गेलं? मीटर आहे माझ्याकडे, कॉइलच्या निळ्या-काळ्या वायरीत किती ओहम यायला हवेत? मिस्त्री म्हणतो, अख्खं इंजिनच बदला. त्याचं काय जातंय! केळीच्या बागेपर्यंत रोज पायडल मारून पोटऱ्या भरून आल्यात.