रंकाळ्याची फेरी: कुठनं धरायची, कधी धरायची?

रंकाळावेस
सकाळी घरच्या ग्रुपवर कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाचा, त्या जुन्या दगडी मंडपाचा फोटो आला. पाणी उतरलेलं, दगडी खांबांवर पाण्याची काळपट रेघ, खालच्या चौथऱ्यावर एक बगळा. दिवसभर तोच डोळ्यापुढं, म्हणून धागा काढला. आठवणी सगळ्यांकडं पोतंभर हायत, त्या नकोत. फेरीची पक्की माहिती टाका, बाहेरगावच्या पोरांना आणि पै-पाहुण्यांना उपयोगी पडंल अशी.

माझ्याकडून: पूर्ण फेरी चार-सव्वाचार किलोमीटर. कडेच्या पदपथाने गेलात की बाहेरच्या रस्त्याने, यावर आकडा थोडा हलतो. ताशी 5 किमीच्या चालीने 50 मिनिटं, वयस्कर माणसं सोबत असतील तर दीड तास धरा. पावलं 6,000 ते 6,500. ‘दहा हजार’वाल्यांसाठी सूचना: दीड फेरी करू नका. गाडी एका काठाला राहते आणि तुम्ही बरोबर समोरच्या काठाला. एक फेरी पुरी करा, मग रंकाळा टॉवरपासून चौपाटीकडं सव्वा किलोमीटर जाऊन माघारी या.

कट्ट्यावरचा
उजवीकडनं का डावीकडनं ते आधी ठरवा, त्यावरनं इथं भांडणं झाल्यात.

रंकाळावेस
तलाव उजव्या हाताला ठेवायचा. प्रदक्षिणा आहे ती.

कॅमेरा_खांद्यावर
भक्तिभाव बाजूला ठेवून दिशा बघूया. चौपाटी पूर्वेला म्हणजे गावाच्या अंगाला, शालिनी पॅलेस उत्तर काठाला, पद्माराजे उद्यान आग्नेयेला. टॉवरपासून तलाव उजवीकडं ठेवून निघालात तर चौपाटी पहिल्यांदा येते आणि पॅलेस शेवटी. सकाळी हे ठीक. दक्षिण काठाने पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर राहतं. परतताना उत्तर काठावर डोळ्यावर येतं, पण तोवर सूर्य जरा वर चढलेला असतो, टोपीच्या पुढच्या झापीने भागतं.

संध्याकाळी मात्र उलटं फिरा. टॉवरवरून पॅलेसकडं, मग पश्चिम, दक्षिण आणि चौपाटी सगळ्यात शेवटी. सूर्य पाण्यापलीकडं बुडतो तो चौपाटीवरूनच दिसतो. डिसेंबरात मावळती साधारण 6 ला, जूनमध्ये 7 नंतर. त्याच्या एक तास आधी टॉवर सोडायचा.

फोटोचं सांगतो. पॅलेसचा फोटो सकाळी चौपाटीच्या बाजूने घ्या, ऊन तुमच्या पाठीमागनं येऊन काळ्या दगडावर पडतं. संध्याकाळी तीच इमारत नुसती काळी आकृती होते. पाण्यात प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटायच्या आत पोचा. उन्हं चढली की लाटा उठतात आणि संध्यामठाचे खांब पाण्यात तुकडे तुकडे दिसतात. नोव्हेंबर ते जानेवारी धुकं मिळण्याची शक्यता जास्त. मोबाईल गार खोलीतनं काढलेला असेल तर काचेवर वाफ धरते, शर्टाच्या कडेनं पुसा. निम्मे ‘धुक्याचे’ फोटो तसलेच असतात.

कट्ट्यावरचा
म्हणजे दोघंबी बरोबर. मजा गेली की राव धाग्याची.

गुडघेदुखी_संघ
आईबाबांना घेऊन येणाऱ्यांसाठी. पूर्ण फेरीचा हट्ट नको. चौपाटीचा सपाट भाग सोयीचा, बसायला कट्टा आहे आणि रिक्षा लगेच मिळते. पहिली 10 मिनिटं सावकाश, मग वेग. उतरत्या पायऱ्यांवर गुडघ्यावरचा भार सपाटीपेक्षा कितीतरी वाढतो, त्यामुळं घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावायचा मोह टाळा. हातात काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच जण त्याच बाजूला धरतात आणि भार उलटा दुखऱ्या पायावरच येतो.

चाकाची खुर्ची असेल तर पेव्हर ब्लॉक हा मुख्य शत्रू. एखादा ब्लॉक बोटभर खचलेला असला की पुढचं लहान चाक अडकतं आणि माणूस पुढं झुकतो. खाच दिसली की मागच्या बाजूला टेकू देऊन पुढची चाकं उचला, मग पुढं जा. फुटपाथवरनं उतरताना खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी खाली. बसलेल्या माणसाचं तोंड वरच्या बाजूला राहतं, तो घसरत नाही. पट्टा लावलेला असला तरी असंच.

पुण्यात_अडकलेला
पावसाळ्यात येऊ का नको?

रंकाळावेस
या, पण सपाट झिजलेल्या तळव्याची चप्पल घालून नको. जुलै-ऑगस्टात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ते हिरवं दिसत नाही, ओल्या दगडाच्याच रंगाचं असतं. वारा पश्चिमेकडनं, म्हणजे सगळ्या लाटा चौपाटीच्या भिंतीवर. कधी कधी कठड्यावर बसलेला माणूस भिजतो. छत्री उलटी होते, रेनकोट आणा.

कट्ट्यावरचा
आणि कणीस खा. भाजलेलं. उकडलेलं खाणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

भडंगवाली
कणसाचं एक: कोवळं पाहिजे असेल तर केस बघा. टोकाला तपकिरी आणि बुडाला ओलसर हिरवट असले की दाणा दुधाळ. पूर्ण वाळलेले असले की दाणा चामट. लिंबू मीठ-तिखटात बुडवून गरम कणसावरच घासायचं, गार झाल्यावर तिखट धरत नाही.

टिबुकली
पक्ष्यांचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी. चौपाटीसमोर उघड्या पाण्यात वारकरी दिसतो: काळा, कपाळावर पांढरा टिळा. लोक त्याला बदक म्हणतात, तो बदक नाही. बोटांना झालरीसारखे पडदे असतात, बदकासारखे जोडलेले नसतात. छोटं तपकिरी गोळ्यासारखं, बघता बघता बुडी मारून भलतीकडंच वर येतं ती टिबुकली. पंख पसरून दगडावर वाळवत बसलेला पाणकावळा. काठाच्या गवतात जांभळी पाणकोंबडी, लाल चोच, चालताना शेपटी वर झटकते आणि खालचं पांढरं दिसतं. पानांवरून चालणारा लांब बोटांचा कमळपक्षी. चोचीचं टोक पिवळं असलेला खरा बदक म्हणजे हळदीकुंकू.

पाहुणी बदकं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुर्बीण 8×42 पुरते. 10 पटीची हातात जरा जास्त थरथरते. उथळ, गवताळ बाजू म्हणजे पश्चिमेकडं परताळ्याच्या अंगाला जास्त मिळतात, चौपाटीवर नाहीत. सकाळी उजाडल्यापासून पहिला दीड तास. त्यानंतर माणसांचा गलका वाढला की पक्षी मध्ये सरकतात.

गर्दीचा कंटाळा असेल तर कळंबा तलाव. तिकडं कात्यायनीच्या डोंगराचा पडदा आहे, आवाज कमी. पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, पाण्यात उतरायचं नाही.

पुण्यात_अडकलेला
माशांना ब्रेड टाकतात ते बघून छान वाटतं, मुलांना आवडतं.

पाण्याचा_अभ्यासक
नको. ब्रेड पाण्यात फुगतो, मासा निम्मा सोडतो, उरलेला तळाशी जाऊन कुजतो. कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. एका घरच्या ब्रेडनं काही होत नाही, रोज शंभर घरांनी टाकला की होतं.

तलावाची तब्येत ओळखायची सोपी रीत सांगतो. पहाटे उजाडताना काठावर उभं राहा. मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हवा गिळत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. दिवसा तसं दिसणार नाही, कारण उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. रात्रभर त्या स्वतःच वापरत राहतात, म्हणून पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. दुपारी पाणी तपासून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्यांना हे सांगा.

काठाशी हिरव्या ऑईलपेंटसारखी साय दिसली तर ते नीलहरित शेवाळ. वाऱ्याच्या दिशेला ढकललं जाऊन एकाच काठावर जमतं, म्हणून काल इथं होतं आज तिथं. त्यातल्या काही जाती विष सोडतात. कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका, त्याच्या अंगाला लागलं तर चाटायच्या आधी धुवा.

मूळ कारण सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस. कपडे धुण्याचा साबण, जनावरं धुणं, निर्माल्य, नाल्यातून येणारं मैलापाणी, सगळ्यांचा वाटा. वरनं कितीही झाडू मारला तरी हे येणं थांबल्याशिवाय शेवाळ परत येणार.

कट्ट्यावरचा
आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी?

पाण्याचा_अभ्यासक
ऊब आणि खत मिळालं तर दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होतं. काढणाऱ्यांची नेहमीची चूक: पानं तोडून मुळं आणि देठाचे तुकडे पाण्यात सोडणं. त्या तुकड्यांतून नवं रोप येतं. मुळासकट उचलायचं, आणि काठावरच ढीग मारायचा नाही, पाऊस आला की सगळं परत आत. लांब नेऊन वाळवा. वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून गाड्या भरभरून नेल्या तरी वाळल्यावर उरतं मूठभर. बिया गाळात 15-20 वर्षं तग धरतात, तेव्हा एकदा साफ केला म्हणून हुश्श करायचं नाही.

दगडफोड्या
मुळात तलाव खाणीचा आहे हे कुणी सांगितलं नाही. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथनं काढला असं सांगतात, मग भूकंपात खाणीत पाणी फुटलं. नाव रंकभैरवावरनं. शालिनी पॅलेस त्या मानानं कालचा, 1931 ते 1934 मधलं बांधकाम, काळा दगड आणि इटालियन संगमरवर.

आणि तलावाजवळच्या नंदीची दंतकथा! रोज गव्हाएवढा पुढं सरकतो, तांदळाएवढा मागं येतो. पाण्याला टेकला की जगबुडी.

कट्ट्यावरचा
गहू मोठा का तांदूळ, त्यावर ठरतंय मग किती वर्षं राहिली.

दगडफोड्या
आंबेमोहोर घेतलास तर लवकर, बासमती घेतलास तर नंदी उलटा गंगावेशीला पोचंल.

रंकाळावेस
😂 धागा गेला.

भडंगवाली
धागा गेलाच आहे तर फिरून आल्यावर घरी खायच्या भडंगाचं प्रमाण टाकते, मागच्या वेळी तिघींनी विचारलं होतं. जाड चिरमुरे अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल दीड वाटी, लसूण दोन गड्डे सालासकट ठेचून, कढीपत्ता मूठभर, तिखट 3 चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ, पिठीसाखर 2 चमचे.

चिरमुरे तासभर उन्हात टाका किंवा मंद आचेवर कोरडेच परता. बोटाच्या चिमटीत धरल्यावर चुरा झाला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. तेलात आधी शेंगदाणे तळून काढा, मग लसूण कडक तपकिरी होईपर्यंत. इथंच बिघडतं: लसूण मऊ राहिला तर त्याची ओल दोन दिवसांत सगळं भडंग सादळवते. कढीपत्ता टाकून गॅस बंद. मिनिटभर थांबून मग हळद-तिखट. धुरावलेल्या तेलात तिखट टाकलं की काळं पडतं आणि ठसका उठतो. मग चिरमुऱ्यांवर ओतून दोन्ही हातांनी खालवर करा, मीठ-साखर शेवटी. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद नको.

पुण्यात_अडकलेला
तीन चमचे म्हणजे चहाचे ना?

भडंगवाली
पुण्याला चहाचे. इथं पोह्यांचे.

गुडघेदुखी_संघ
रंकाळ्यावर पार्किंगचा वैताग आला तर शिवाजी विद्यापीठाचा आवार लक्षात ठेवा. 853 एकर, झाडी दाट, सकाळी फिरणारे भरपूर. चढउतार आहे, गुडघेवाल्यांनी मुख्य इमारतीसमोरचा सपाट भागच धरावा. शेजारी राजाराम तलाव.

पुण्यात_अडकलेला
गणपतीत येतोय, अनंत चतुर्दशीला संध्याकाळी फेरी होईल का?

कट्ट्यावरचा
त्या दिवशी फेरी? भावा, इराणी खणीकडं विसर्जनाची गर्दी असते, रस्ते वळवलेले असतात. गाडी आणलीस तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढशील. चालत ये, मूर्ती बघ.

पुण्यात_अडकलेला
मग घरचा गणपती कुठं द्यायचा?

रंकाळावेस
घरच्या गणपतीला काहील (पाण्यानं भरलेली मोठी कढई) ठेवलेली असते, तिथं. तलावात नाही. निर्माल्याची पिशवी वेगळी द्यायची. हारातली सुतळी आणि प्लॅस्टिकची जर घरीच काढून आणा, तिथं उभं राहून सोडवायला मागचे लोक वेळ देत नाहीत.

टिबुकली
आत्ता चौपाटीवरून लिहितेय. वारकऱ्यांचा थवा आहे, तीसेक तरी. मोजेपर्यंत एका कुत्र्यानं पाण्यात उडी मारली.

पाण्याचा_अभ्यासक
पाणी हिरवं आहे का तिथं? असेल तर मालकाला सांगा, लगेच धुवायला.

टिबुकली
हिरवं नाही. मालक पण नाही. कणीसवाल्याचा आहे म्हणे, रोज पोहतो.