‘रस्सा उकळला की जंतू खलास’ म्हणणाऱ्यांना

खानापूरकर: परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘बॉयलर कोंबडीतल्या जंतूंची भीती फुकटची, रस्सा उकळला की सगळं मेलं.’ वाचून राहवलं नाही. माझं तीन हजार पक्ष्यांचं शेड होतं. मर लागायच्या आधीच पाण्यातून अँटिबायोटिक सोडायचो, सुपरवायझर सांगायचा म्हणून. तरी एका बॅचला मर लागलीच. पक्षी फाडला तर आतडं वायूनं फुगलेलं, आतून जुन्या टॉवेलासारखं खरखरीत. ते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या आतड्यातल्या जंतूचं काम. त्याचा नेट-बी हा विषाचा जीन प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जीनही तसल्याच प्लास्मिडवरून फिरतात. उकळीत जंतू मरतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं झोपलेलं रूप, तगतात. रात्रभर चुलीवर कोमट राहिलेल्या रश्श्यात ते परत वाढतात. आणि लिटर, म्हणजे शेडातला विष्ठा मिसळलेला भुसा? ते आपण उसाला घालतो. ते कोण उकळतंय?

चिक्कोडीचा शेतकरी: शेड बंद केलंस आणि आता आम्हाला शिकवालायस? मर लागली तर बँकेचा हप्ता तू भरणार? माणसांचे डॉक्टर साध्या सर्दीला अँटिबायोटिक देतात, त्यांना विचार की आधी.

अनगोळची लेक: पुड्यावरचं वाचता कुणाला येतं? वर इंग्रजी, आतला कागद कन्नड. विक्रीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं, ती ओळ माझ्या बाबांना कधी कळलीच नाही. शेवटच्या दिवसापर्यंत पाजत राहिले.

हुक्केरीवाला: 1956 पासून इथं आहात, कन्नड वाचायला शिकला नाहीत? जंतूंच्या धाग्यातही सीमाप्रश्नच!

अनगोळची लेक: मी कन्नड शाळेत शिकले, दादा. बाबा चौथी मराठी. सत्तरीच्या माणसानं औषधाच्या कागदासाठी बाराखडी गिरवायची?

हुक्केरीवाला: माझी आई कन्नड, तिलाही तो कागद कळत नाही. भाषा सोडा, अक्षरच मुंगीएवढं. एवढं मान्य.

खानापूरकर: कागदाचं खरंच आहे. पण कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर जुलै 2019 पासून कोंबड्यांसाठी बनवायला-विकायलाच बंदी आहे. दुसरी औषधं हरल्यावर माणसासाठी ते शेवटी राखून ठेवतात. त्याला हरवणारा एमसीआर-1 जीन 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांतही सापडला. सर्दीच्या गोळ्यांचं तुझं बरोबर आहे, पण म्हणून आपली चूक माफ होत नाही.

चिक्कोडीचा शेतकरी: शेड बंद करणार नाही, आधीच सांगतो. माझ्याकडं एक अर्धा पुडा पडलाय. फोटो टाकतो, त्यात ते कोलिस्टिन हाय का बघून सांग.