अनुभव धागा: ठाणे-नवी मुंबईत पाहुणे आले की कुठे नेता?

मे महिन्याची सुट्टी लागली की घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना प्रत्येक जण विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आणि आपण त्यांना लोकलमध्ये बसवून गेटवे, राणीची बाग, चौपाटी करून आणतो. दक्षिण मुंबई बघावीच. पण ठाणे आणि नवी मुंबई म्हणजे नुसती रात्री पाठ टेकायची जागा नव्हे, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही पाहुण्यांना इथलं काय दाखवलंत, कोणत्या वेळी नेलंत, त्यांना काय भावलं ते सविस्तर लिहा. मॉल मात्र नकोत, ते आता सगळीकडेच आहेत.

नौपाडा, ठाणे

माझी आत्या नागपूरची. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, म्हणून एका संध्याकाळी फक्त तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, ठरवली. कौपिनेश्वराच्या गाभाऱ्यात ती पिंडीकडे बघतच राहिली. कवेत मावणार नाही एवढी मोठी पिंडी आहे. देऊळ मूळचं शिलाहारकालीन मानतात. पुढे १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. बाहेर पडलं की जांभळी नाक्याचा बाजार. शेवंतीचे ढीग, अळूच्या जुड्या, गजरेवाल्या. आत्याने तिथेच अर्धा तास काढला, आणि मला वाटतं तिला सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. मग मासुंदा तलावात बोटीची एक फेरी. काठावरचं गडकरी रंगायतन १९७८ पासूनचं. दुसऱ्या दिवशी तिथे नाटकालाच गेलो.

सकाळी तहसील कार्यालयाजवळची मामलेदार मिसळ. पाहुण्यांना तिखटाची सवय नसेल तर आधीच कमी तिखट सांगा. तर्रीचा पहिला घास घशाशी गेला की मोठमोठे लोक पाणी मागतात.

ऐरोली

पाहुणे हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणार असतील तर दुसरं काही ठरवू नका, ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला आणा. २०१५ मध्ये खाडीच्या या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही नाव आलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते.

इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक महत्त्वाचं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला उतरतात; पण पाणी फारच ओसरलं तर बोट पुढे जात नाही. मधली वेळ साधावी लागते, म्हणून बोटीच्या वेळा रोज बदलतात. आधी चौकशी करून नोंदणी केल्याशिवाय निघू नका.

आमच्या बोटीत भाचा होता, तिसरीतला. इंजिन बंद केलं आणि बोट नुसती तरंगत राहिली. मग लक्षात आलं की समोरची गुलाबी पट्टी हलते आहे. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतो, चिखलाचं पाणी आत ओढतो आणि चोचीतल्या जाळीतून गाळून बाहेर टाकतो. शेवाळ, बारीक जीव आत राहतात. त्यांचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. भाच्याने विचारलं, "मामा, ते राखाडी कोण?" ती त्यांची पिल्लं, अजून रंग चढायचा असलेली. थवा उडाला तेव्हा पंखाखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला, आणि बोटीतल्या कुणालाच फोटो काढायचं सुचलं नाही.

खाडीला वास येतो, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. आणि बोटीत मोठ्याने बोलू नका, हात जोडून सांगतो.

सीवूड्स

ऐरोलीकर दादा, अगदी बरोबर. ज्यांना बोट जमत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडचा डीपीएस तलाव आहे. काठावर उभं राहूनही फ्लेमिंगो दिसतात. खाडीला भरती आली की ते तलावात विसाव्याला येतात, त्यामुळे इथे वेळ तुमच्या उलटी धरायची. ही पाणथळ जागा टिकावी म्हणून इथले रहिवासी सतत धडपडत असतात. पाहुण्यांना ती दाखवा म्हणजे तिची किंमत चार जणांना कळेल.

कळवा

माझे साडू नाशिकचे, त्यांना इतिहासाची आवड. ठाणे स्टेशनात उतरल्या उतरल्या मी त्यांना सांगितलं, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथेच आली. चौतीस किलोमीटर, चौदा डबे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. आजच्या गर्दीत फलाटावर उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा येतो.

तिथून मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीपर्यंत नेलं. हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्याबरोबर कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली. साडू विजयानंदच्या गल्लीत वाढलेले. ते भिंतीजवळ बराच वेळ थांबले, नंतर म्हणाले, गोष्टीचा पहिला भाग लहानपणापासून माहीत होता, शेवट आज पाहिला.

जवळच १८७९ चं शार हाशमाइम सिनेगॉग आहे. घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली (ज्यू) समाजाचं हे प्रार्थनास्थळ. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी.

उपवन, ठाणे

येऊरबद्दल लिहायलाच हवं. शहरातून रिक्षाने निघून थोड्याच वेळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत पोचता येतं, असं भाग्य फार कमी शहरांना आहे. पावसाळ्यात पहाटे जा. हळद्या, स्वर्गीय नर्तक, तांबट हे सगळे कान उघडे ठेवले तर सापडतात. पाहुण्यांबरोबर गेलो तेव्हा कुठल्याशा बंगल्यातून रात्रीचा डीजे अजून वाजतच होता, इतकं वाईट वाटलं! हे बिबट्याचं घर आहे, इथले पाडे आदिवासींचे आहेत. अंधार पडायच्या आत खाली या आणि उपवन तलावाच्या काठावर कणीस खा.

खारघर

पावसाळ्यात येणारा प्रत्येक तरुण पाहुणा पांडवकड्याचं नाव काढतो. शंभर मीटरहून उंच धबधबा आहे, दिसतोही देखणा. पण तिथे माणसं वाहून गेली आहेत, म्हणूनच पावसाळ्यात जायला बंदी घालतात. कृपा करून "आडवाटेने जाऊ" म्हणणाऱ्याला साथ देऊ नका. रस्त्यावरून लांबून बघा आणि सेंट्रल पार्कमध्ये फिरायला न्या.

नेरूळ

लहान मुलं असतील तर वंडर्स पार्क. जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती, छोटी आगगाडी, मोकळी हिरवळ. संध्याकाळी न्या, दुपारी सावली कमी.

डोंबिवली

जिल्ह्यातलं म्हणून अंबरनाथचं शिवमंदिर सुचवते. शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० आहे. वालधुनीच्या काठी काळ्या दगडात कोरलेलं. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, बारकावे उठून दिसतात. महाशिवरात्रीला प्रचंड जत्रा असते, निवांत बघायचं तर तो दिवस टाळा.

पनवेल

कर्नाळा कुणीच लिहिलं नाही! पक्षी अभयारण्य आणि किल्ला एकाच वाटेवर. वरचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही ओळखू येतो. वडीलधारे असतील तर खालच्या रानवाटेवर पक्षी बघत फिरा, तरुणांना गड चढू द्या.

धागाकर्ती

पनवेलकर, गाडी नसलेल्या पाहुण्यांना कसं न्यायचं?

पनवेल

ताई, पनवेल स्थानकातून पेणकडे जाणारी एसटी घ्या, रस्ता अभयारण्यातूनच जातो. चढताना वाहकाला "कर्नाळा" सांगून ठेवा आणि पाणी घरून भरून न्या.